कोंबडीच्या मागून यमलोकात

शेलार, ता. भिवंडी
नोव्हेंबर २००७

मस्कतनिवासी, क्रेनसम्राट, आमचे एकुलते एक मेव्हणे हिरामणशेठ यांस,

शेलारहून केसरीनाथचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय म्हणून वाकलोय, तुझ्या मानापायी नव्हे). तुझी शुगर कशी आहे? तिकडे खजूर फुकट मिळतात म्हणून जेवणानंतर आणि जेवणाआधी खातोस असं कळलं. खा बाबा. डॉक्टरलाही पोरंबाळं आहेत. इकडे तुझ्या भाच्याची तब्येत उत्तम असावी. 'असावी' लिहिलं, कारण ते साहेब सध्या माझ्याशी बोलत नाहीत आणि घरात राहत नाहीत. हे पत्र त्याचसाठी आहे, तेव्हा क्रेन बंद करून नीट वाच.

फोन का केला नाही, म्हणशील. गेल्या वेळी केला होता. मी 'तुळजा' एवढं नाव घेतलं आणि तू तिकडे हमसून हमसून रडायला लागलास. आंतरराष्ट्रीय दराने मी तुझं रडणं ऐकत बसलो. बहीण तुझी होती, कबूल. पण रडायचं तर मिस कॉल देऊन तिकडच्या तिकडे रडावं, दुसऱ्याचं बिल वाढवू नये. म्हणून पत्र. यात तुला मध्येच रडून मला तोडता येणार नाही.

आता पहिल्यापासून सांगतो. शिमग्यानंतर तुळजा गेली, आणि तुला विमानाचं तिकीट मिळेपर्यंत इकडे बरंच काही उरकलं होतं. त्यातली एक गोष्ट तुला कुणी सांगितली नाही. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे जिथं तिने जीव सोडला तिथं आक्काने तांदळाचं पीठ पसरलं, दिवा लावला, वर टोपली झाकली. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठात कसला ठसा उमटलाय, म्हणजे गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं. सकाळी आम्ही सगळे वाकलो. पिठात तीन बारीक रेघा होत्या. मी म्हटलं, झुरळ फिरलंय. आक्का म्हणाली, "झुरळ तुझ्या डोक्यात फिरतंय. ह्यो कोंबरीचा पाय हाय." माझी ही थोरली बहीण पोलिसात असती तर भिवंडीत एकही गुन्हा लपून राहिला नसता.

आणि गंमत बघ, दोनच दिवसांत कुणाची तरी चुकलेली तांबडी कोंबडी आपल्या अंगणात आली. झालं. आक्काने तिला घरात घेतलं. तिला बासमती, मला रेशनचा तांदूळ. दिवसभर कटकट करत घरभर फिरायची, वाटेत आलेल्या प्रत्येकाला टोचायची, त्यामुळे तुळजाच आहे याबद्दल नंतर नंतर माझ्याकडेही फारसा मुद्दा उरला नाही. शेलारात रविवारी घरोघरी मसाल्याचा वास सुटतो आणि आम्ही सुकट खातो, कारण आक्का म्हणते, वहिनीसमोर तिच्या जातीचं कालवण रांधायचं कसं?

तुझ्या भाच्याने, देवेशने, हे सगळं बघितलं आणि त्याला पिक्चर सुचला. तुला ठाऊक आहेच, तो कॉमर्स सोडून कल्याणला साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक संस्था आहे तिथं कार्टून शिकतो. (कार्टून म्हटलेलं त्याला चालत नाही. ॲनिमेशन म्हणायचं. मी ॲनिमेशन म्हणतो, काढतो तो कार्टूनच.) शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक छोटा पिक्चर बनवायचा असतो आणि डिसेंबरात तो मोठमोठ्या लोकांना दाखवतात. याच्या पिक्चरमधल्या मुलाची आई मेलेली असते. पिठातल्या ठशाची एक कोंबडी होते, ती चालायला लागते, मुलगा तिच्या मागून जातो आणि ती त्याला खाडीच्या चिखलातून खाली थेट यमलोकात नेते. आईला परत आणायला. मी म्हटलं, विषय चांगला आहे, सणासुदीला लावण्यासारखा.

मग घरात कारखाना सुरू झाला. हिरामण, तुला सांगतो, हे लोक कॉम्प्युटरला काम लावून झोपतात आणि तो सगळी रात्र जाळून एवढंसं चित्र शिजवतो, की डोळ्याची पापणी लवली तरी संपलं. त्याला रेंडर म्हणतात. आणि आपल्याकडच्या विजेचं तुला माहीत आहे. अर्धा यमलोक शिजला की लाइट जायची. सकाळी हा कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसलेला आणि पडद्यावर यमदूत कमरेपर्यंतच आलेला. आक्का त्यालाही नमस्कार करायची.

एके दिवशी मला म्हणाला, "बाबा, अंगणात जरा फेऱ्या मारा, मला तुमचं चालणं पाहिजे." इतक्या महिन्यांत आपणहून पहिल्यांदाच काहीतरी मागितलं पोराने. मी इस्त्रीचा लेंगा चढवला, मिशीला तेल लावलं आणि चाललो. कॅमेरा घेऊन तो मागून, पुढून, गुडघ्यावर बसून शूटिंग करतोय. "बाबा, जरा हळू. मान खाली घालून. अजून जड." मी मनात म्हटलं, मुलाच्या आजोबाचा रोल असणार, नाहीतर खुद्द यमाचा.

भाऊबीजेच्या संध्याकाळी पिक्चर दाखवायचं ठरलं. यंदा आपल्याकडे सण नाही, फराळ शेजाऱ्यांनीच आणून दिलेला, ओवाळायला तुला कुणी नाही आणि मला आक्का आहे ती सकाळीच ओवाळून मोकळी. रस्त्याकडचं एक गोडाऊन रिकामं होतं, तिथं चादर बांधली, सतरंज्या घातल्या, आळीतल्या बाया आल्या. पिक्चर सुरू झाला. कोंबडी आली, बाया हसल्या. खाडी आली, चिखल आला. आणि मग हिरामण, पडद्यावर यमाचा रेडा आला. काळाभोर, मान खाली, पाय फेकत, एका बाजूला किंचित कलंडत. आणि आक्का मोठ्याने म्हणाली, "अरं, ह्यो रेडा आपल्या केसरीसारखा चालतंय!"

पुढची पाच मिनिटं पिक्चर कुणी बघितला नाही. सगळे मला बघत होते. मी सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो, तरी त्यांना माझी चाल दिसत होती. अजूनही मी दूध आणायला निघालो की बाया पदर तोंडाला लावतात.

पण यमलोक, खरं सांगतो, पोराने झकास काढलाय. वाटलं होतं आगीचे कुंड, कढया, तेल. त्याने काढलं आपल्या भिवंडीतलं कामतघर. यंत्रमागांचा लांबच लांब लूमखाता, धुरकट बल्ब, खटाखट खटाखट आवाज, आणि सगळे मेलेले लोक लूमवर उभे, प्रत्येकजण आपापल्या आयुष्याचं कापड विणतोय. चित्रगुप्त बनियनवर, तोंडात तंबाखू, "चलो चलो, शिफ्ट बदली करो" म्हणतोय. मुलगा त्या आवाजात आईला शोधत हिंडतो. ती सापडते. पाठमोरी उभी असते, अंबाड्यात अबोली. हा हाक मारतो, "आई!" लूमच्या आवाजात तिला ऐकू जात नाही. हा पुन्हा हाक मारतो. ती मान वळवायला लागते, आणि लाइट गेली.

काळोख. त्या काळोखात आक्काने हंबरडा फोडला, "अगो तुळजे, मागं बघ गो बाय, पोरगा हाका मारतंय!" तिच्यामागून सगळ्या बायांनी सूर धरला. रिकामं गोडाऊन, वर पत्रे, आवाज पार नदीनाक्यापर्यंत गेला असेल. आपला लाडकू, माझा चुलतभाऊ, नाक्यावर चहा पीत होता. गावात कुणाचं मयत असलं की बांबू, सुतळी, मडकं सगळं त्याच्या हवाली असतं आणि त्याबाबतीत माणूस फार तत्पर आहे. रडणं ऐकून त्याने काही विचारलं नाही. टेम्पोत बांबू टाकूनच आला. दारात उभा राहून म्हणतो, "माप कुणाचं घ्यायचं?" मी पुढे होऊन म्हटलं, मी आहे रे. तर म्हणतो, "मग आक्का गेली का?" आक्का आतून त्याच्यावर ओरडली, तेव्हा तो जरा हिरमुसला. तोवर त्याने अकलोलीला नातेवाइकांना फोन केलेला, तिकडून जीप भरून पाहुणे निघालेले. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आजूबाजूच्या घरांतून पिठलं-भाकरी आली. कार्टूनच्या मयताचं पिठलं आम्ही दोन दिवस खाल्लं.

मग लाइट आली. पाहुणेही आलेच होते, म्हणून त्यांनाही बसवलं (आलेल्या माणसाला तसंच पाठवणं बरं दिसत नाही). पुढचा भाग रंगवून झाला नव्हता, नुसती पेन्सिलीची चित्रं, देवेश उभा राहून सांगत होता. आई मागे बघते. हसते. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवते. आणि पुन्हा लूमकडे वळते. मुलगा एकटाच परत निघतो.

मी उठलो. म्हटलं, "एकटाच? तिला तिथंच टाकून?"

तो म्हणाला, "बाबा, मेलेली माणसं परत येत नसतात. आमचे सर म्हणतात, शोक स्वीकारावा लागतो." सरांचं वय तेवीस. सरांचे आई, बाप, दोन आज्या, सगळे ठणठणीत. सरांना शोक इंटरनेटवर भेटला.

मग माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्या पिक्चरात पिठाची कोंबडी चालते, रेडा तुझ्या बापासारखा चालतो, मेलेली माणसं शिफ्ट करतात, आणि एक बाई तिथून शेलारपर्यंत येऊ शकत नाही? का, रस्त्यात खड्डे आहेत म्हणून? तुझ्या हातात पेन्सिल आहे ना, तर आण तिला घरी! तुझ्या बापाचं काय जातंय?"

तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "आई गेली, हे तुम्ही एकदा तरी तोंडाने म्हणालात का? लाइटचं बिल भरल्यासारखं सगळं उरकलंत. दहावं, बारावं, महिना व्हायच्या आत तिच्या साड्या वाटून टाकल्यात. मी तिचं नाव काढलं की तुम्ही पेपर वाचायला घेता."

मी म्हटलं, साड्या काय कसर लागायला ठेवायच्या होत्या? (साड्या दिल्या हे खरं. कपाट उघडलं की तिचा वास यायचा आणि मग मला दिवसभर काही सुचायचं नाही, म्हणून दिल्या. हे त्याला सांगितलं नाही. तुलाही सांगत नाहीये, कंसात आहे.)

त्याच रात्री कॉम्प्युटर रिक्षात घालून तो कल्याणला मित्राच्या खोलीवर गेला. आक्काचा फोन उचलतो, माझा उचलत नाही. डिसेंबरात पिक्चर दाखवून त्याला हैदराबादला नोकरी लागणार म्हणे, मग तर परस्पर तिकडेच जाईल. तर मामा या नात्याने तू त्याला समजाव. तुझं तो ऐकतो. सांग, शेवट बदल, आईला घरी आण, लोकांना गोड शेवट आवडतो, पब्लिक पैसे देऊन रडायला येत नाही. एवढं एकच काम आहे, बाकी इकडे काही उणं नाही.

आक्का आशीर्वाद सांगते. प्रकृतीला जप, खजूर आवर.

तुझा भाऊजी,
केसरीनाथ
(यमाकडे अर्धवेळ नोकरीस)

ता. क. येताना कमरेला लावायचं ते तिकडचं मलम आण. वास उग्र असेल ते आण.

ता. क. २. वरचं पत्र पुन्हा वाचून काढलं. शेवट बदलायचं त्याला काही बोलू नकोस. त्याचंच बरोबर आहे. तुळजा गेली. बघ, लिहिलं. तू आता तिकडे रडशील, रड, मला ऐकू येत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी खरं काम लिहितो. त्या दिवशी भांडणाच्या गडबडीत पेन्सिलीचं शेवटचं चित्र कुणी नीट पाहिलं नाही, मी पाहिलं. मुलगा यमलोकातून चालत चालत घरी येतो, बंद दारासमोर उभा राहतो, आणि तिथं पिक्चर संपतो. दार कुणी उघडतच नाही. मी तेव्हापासून तेवढाच विचार करतोय, हिरामण. घरात कोणीच नाही असं कसं वाटलं त्याला? मी कुठं गेलो होतो? त्याला सांग, दारात मला काढ. नसेल काढवत तर राहू दे, पिक्चर आहे तसाच दाखव. पण एकदा स्वतः ये, कडी वाजव, आणि बघ दार कोण उघडतंय.