आजीचं खरं नाव

कृतिका,

मी ठाण्याला कथावाचनाला चाललेय. शीळफाट्याला गाडी अडकेल म्हणून पप्पांनी आत्तापासून हॉर्न सुरू केलाय. "पन्नाशीत कुठे गोष्टी लिहीत बसलीस" असं वर्षभर म्हणणारा माणूस आज इस्त्रीचा शर्ट घालून खाली तयार आहे.

बोंबलाचं कालवण झालंय, भात तेवढा लाव. आजी जेवली की झोपायच्या आधी तिला टेबलावरची झेरॉक्स वाचून दाखव. मागच्या रविवारी मी सगळ्यांना वाचून दाखवली, तीच मिठागरातल्या बाईची गोष्ट. तेव्हा मी त्या बाईचं नाव सुलभा ठेवलेलं. भेगाळलेल्या पायांनी मिठाच्या पाट्या वाहणारी सुलभा ऐकून आजी हळहळली, "बिचारी! मंग काय झालं तिचं?" गोष्ट तिनेच मला कधीकाळी सांगितलेली, पण सासूला "ती तुम्हीच" म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

आता पहिल्याच ओळीत आवडाबाई लिहिलंय. तिला विचारल्याशिवाय हे नाव मी चारचौघांत वाचणार नाही. मोबाइल बाजूला ठेवून सावकाश वाच. नको म्हणाली तर चारच्या आधी फोन कर, मी पुन्हा सुलभा करीन.

आणि परत "मंग काय झालं?" म्हणाली, तर सांग, "आजी, ते मम्मीला ठाऊक नाही. संध्याकाळी ती वही घेऊन तुझ्याच शेजारी बसणार आहे."

मम्मी