राखणदाराचे गाऱ्हाणे, तक्रार क्रमांक चार

१४ नोव्हेंबर, आरोंदा
आधी माफी. सहा दिवस वही उघडली नाही. चष्म्याची काडी मोडली होती, आज दोऱ्याने बांधली. विनू जहाजावर नोकरीला जाताना वही देऊन गेला. म्हणाला, बाबा, मनात घोळवत बसता त्यापेक्षा लिहा. आता त्याचाच घोर. दर रविवारी फोन करतो, दोन रविवार कोरडे गेले. ही म्हणते, समुद्रात रेंज नसते. मग आधीचे रविवार काय डोंगरावर होता?

खाडीकाठच्या आमच्या जागेत आणखी एक घरगाडी आली. जागा विनूनेच कॅम्पवाल्यांना वापरायला दिली, मला न विचारता. गाडीतच पलंग, गॅस, संडास. सगळे घर बरोबर आणायचे आणि म्हणायचे, निसर्गात राहायला आलो.

१५ नोव्हें.
विनूसाठी नारळ ठेवायला काठावर गेलो. पाहतो तर आमच्या राखणदाराला कायाकची दोरी बांधलेली! आजोबांच्याही आधीचा तो काळा दगड, या जागेचा देव. घरचे कोणी पाण्यावर गेले की आधी त्याला सांगायचे. त्याला चार पिवळ्या प्लास्टिकच्या होड्या बांधल्या, अंगावर सायकल टेकवली, आणि डोक्यावर कोणाचे तरी हेल्मेट. हेल्मेट उतरवले. दोरीची गाठ सुटेना.

कॅम्पचा मॅनेजर धावत आला. पुण्याचा आहे. "आजोबा, हात लावू नका. काय हवंय?"
"माका हंय गाऱ्हाणां घालूचां आसा."
"कोणाकडे?"
"जेची जागा आसा, तेच्याकडे. सगळी वाडी येतली, होय म्हाराजा म्हणतली."
तो पांढरा पडला. का, ते कळले नाही.

१६ नोव्हें.
फाटकाला कुलूप. बाहेर गणपत, आमच्याच वाडीतला, कॅम्पची टोपी घालून.
"आबा, सायब म्हणतत तुमी तेंची तक्रार करतलात."
"कोणी सांगलां?"
"तुमीच! पुण्यात गाऱ्हाणां म्हणजे तक्रार."
"मग तू सांग तेका, देवाक विनवणी ती."
"सांगलंय. म्हणतत, काय ता ल्हिवन द्या."
देवाला लेखी! माझ्याच जमिनीच्या फाटकाबाहेर मी उभा, आणि आत बायामाणसे सायकली फिरवतात, हात हलवून मला हॅलो म्हणतात.

हिला सांगितले तर पदर तोंडाला लावून हसली. "सातवी शिकलात, पुण्याची भाषा शिकूक नाय!"

१७ नोव्हें.
सुकतीला, खाडीचे पाणी ओसरल्यावर, दोन कायाक चिखलात रुतल्या. मी पलीकडच्या बांधावरून ओरडून सांगितले, उतरू नका, कमरेपर्यंत जाल, भरती येऊ दे. ऐकले. नंतर एक बाई म्हणाली, थँक्यू काका, आणि माझा फोटो काढला. फोटो काढता, कुलूप काढत नाही.
रविवार होता. फोन नाही. तीन झाले.

१९ नोव्हें.
मॅनेजर स्वतः घरी आला, जाड रजिस्टर घेऊन. वर छापलेले, तक्रार नोंदवही. "आजोबा, यात लिहा, मी वर पाठवतो." वर म्हणजे कुठे, ते विचारले नाही. हिने त्याला चहा दिला. मला दिला नाही, साखर वाढली म्हणून.

राग आला होता, नको म्हणणार होतो. पण नारळ पाच दिवस स्वयंपाकघरात पडून. ही म्हणते, "आता तेका कोंब येतलो." मग लिहिले. उभा राहून लिहिले, चपला काढून.

बा राखणदारा म्हाराजा, तुझ्या पायाशी वाढलेला विनायक पाण्यावर आहे. त्याच्या बापाला तुझ्यापर्यंत येऊ देत नाहीत, त्यात पोराचा दोष धरू नको. जागा त्याने दिली, अज्ञानाने दिली. त्याला सुखरूप ठेव. होय म्हाराजा.

शेवटचे 'होय म्हाराजा' ही म्हणाली, मी लिहिले. मॅनेजर पेला हातात धरून बघत राहिला.

२१ नोव्हें.
गणपतने कागद आणून दिला. 'आपली तक्रार क्रमांक चार नोंदवली आहे. सात दिवसांत कळवू.' खाली शिक्का. डोके फिरले. फाडणार होतो, हिने घेतला आणि देवाच्या फळीवर ठेवला, नारळाशेजारी.

कुलूप तसेच आहे. गणपत सांगतो, दगडाची दोरी मात्र काल कोणीतरी सोडली.

विनू, त्यांनी सात दिवस लिहून दिलेत. तू तेवढे लावू नकोस रे. रविवारची वाट बघू नको. नुसते हॅलो म्हण आणि ठेव.