मामाच्या रांगेतली पहिली रेघ

ती. ताई,

धाकट्या भावाचा नमस्कार, आणि तोही उभ्यानेच, कारण शाळेच्या व्हरांड्यातल्या या बाकावर बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. तुझं नर्सिंगचं प्रशिक्षण नीट चाललं असेल, पाठदुखी कमी असेल, आणि हे पत्र आणून देणाऱ्या तुझ्या वॉर्डातल्या नर्सबाईंनी इकडची हकिकत आधीच सांगितली नसेल, अशी आशा आहे. मुलं खुशाल आहेत. (मामाचं विचारू नकोस.) फोन सोडून पत्र का, ते पुढे येईलच.

जाताना तू अकरा प्रेरणादायी आणि ज्ञानवर्धक व्हिडिओंची यादी हातात ठेवलीस, रोज दोन दाखवायचे म्हणून. मी पडलो आज्ञाधारक. पहिल्याच दिवशी लावला तो यंत्र बनवणाऱ्या गृहस्थांचा. बिचारे नऊशे नव्व्याण्णव वेळा हरतात, हजाराव्या वेळी यंत्र चालतं आणि मागे सूर्य उगवतो. (तुझ्या यादीत सूर्य न उगवणारा व्हिडिओ एकच, घुबडांचा.) माझे डोळे भरून आले. तुझा थोरला मात्र गंभीर झाला. त्याच्या मते मोठं व्हायचं तर आधीची नऊशे नव्व्याण्णव अपयशं लवकर उरकून टाकलेली बरी. लगेच कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता तयार झाला, एक रांग त्याची, एक टिकलीची. दूध सांडलं की एक रेघ. बटणं वरखाली लावली की एक रेघ. पाच वर्षांची ती कार्टी सकाळी उठून आधी चड्डी डोक्यात घालते आणि रेघ मारूनच मग तोंड धुते. मी ओरडलो तर म्हणते, 'मामा, प्रयत्न सोडायचे नसतात.'

(मधेच जाऊन थोरल्याच्या वर्गाच्या बाईंच्या दारातून डोकावून आलो. अजून बोलवत नाहीत.)

बोलावलंय ते याचसाठी. थोरला गणितं मुद्दाम चुकवतो. सात अधिक दोन, उत्तर अकरा. परवा चुकवता चुकवता एक उत्तर बरोबर आलं, तर रडून वर्ग डोक्यावर घेतला. आणि काल, रविवारी, 'काय तरंगतं, काय बुडतं' हा व्हिडिओ बघता बघता त्यांनी बादलीत चमचा टाकला, बूच टाकलं, आणि मी गॅस बंद करून येईपर्यंत माझा फोन टाकला. फोन बुडतो, ताई. पण बुडाल्यावरही त्यातले काका तळातून थोडा वेळ 'शाब्बास मुलांनो' म्हणत होते. ते ऐकून माझं डोकंच फिरलं. ओरडलो, खोलीत चार फेऱ्या मारल्या, परत ओरडलो.

तेव्हा टिकलीनं शांतपणे विचारलं, 'मामा, तुझ्या किती रेघा?' आता तुझ्यापासून काय लपवायचं? मशीन दुरुस्तीच्या केंद्रातल्या त्या शिकवायच्या जागेसाठी मी दोनदा मुलाखतीला गेलो आणि दोन्ही वेळा साहेब रजेवर होते, असं तुला सांगितलं होतं ना? साहेब हजर होते. मीच फाटकापासून परत आलो. पंधरा वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय, कुठलंही मशीन नुसत्या आवाजावरून ओळखतो, पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मागे फिरतो. फार लाज वाटते गं. मुलांना होतं तसं सांगून टाकलं, म्हटलं माझ्या दोन रेघा मारा. दोघांनी कोपऱ्यात जाऊन खलबत केलं. मग थोरल्यानं निकाल दिला, 'तू आत गेलास का? नाही ना? मग हे अपयश धरता येत नाही. तुझं अजून शून्य आहे.'

ताई, इतका अपमान आजवर कोणी केला नव्हता. तेव्हापासून मी एका जागी बसलेलो नाही.

बाईंनी हाक मारली. थांबतो.

तुझा,
धाकटा

ता. क. बाईंना भेटलो. तक्ता आजच्या आज काढून टाका म्हणाल्या. हो म्हणून आलो. गुरुवार संध्याकाळपर्यंत तरी काढणार नाही.

ता. क. २ खरं काम राहिलंच. भाऊजींच्या कपाटाची किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे. नर्सबाई बुधवारी परत येतील, त्यांच्याकडे पाठव. भाऊजी बोटीवरून यायच्या आत त्यांचा निळा शर्ट धुऊन जागेवर ठेवीन. माझ्या एकुलत्या एका चांगल्या शर्टावर 'ज्वालामुखी कसा फुटतो' हे झालेलं आहे. आज सकाळीच जाऊन तिसऱ्यांदा मुलाखत मागून घेतली, गुरुवारी अकराला आहे. दोघं फाटकापर्यंत नाही, साहेबांच्या दारापर्यंत सोडायला येणार आहेत, कारण माझ्यावर विश्वास नाही.

ता. क. ३ जागा मिळेलच असं समजू नकोस. पण टिकलीनं तक्त्यावर माझ्यासाठी तिसरी रांग आखली आहे, आणि एक तरी रेघ आणीन असं मी तिला कबूल केलंय.