आत दुमडलेला काठ

कार्तिक शुद्ध नवमी, बोरीवली

नात जुई एका चित्रपटातल्या सेनापतीच्या कोटासारखा हुबेहूब कोट शिवते आहे. तिने शिवून दिलेल्या त्याच्या रेशमाला आठवडाभर मीच बाहेरून ब्रशने काळा रंग दिला. आज रंग पक्का बसावा म्हणून इस्त्रीसाठी कोट उलटा केला, तर आत दुमडलेला तांबडा काठ. माझ्या वडिलांच्या सोवळ्याचा.

“हे कपाटातून कोणी काढले?”

“मीच. विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतात ना, आजोबा.”

म्हणजे पूजेचे वस्त्र तिने माझ्याच हातून रंगवून घेतले? तो काठ दृष्टीपुढून हलत नाही. मागितले असते तर दिले असते का? बहुधा दिले असते. तिने मला विचारण्याजोगेही मानले नाही.

इस्त्री मात्र मी पूर्ण केली. रंग कच्चा राहिला असता, तर ना वडिलांचे सोवळे राहिले असते, ना तिचा कोट; ते वस्त्र कोणाचेच उरले नसते.