बादशाची साखळी

उदगीर, ता. ७ जुलै १९९८
चि. सौदामिनीस,
अक्काचे आशीर्वाद. तुमच्या बादशानं शेजारच्या शहजादीच्या आलियाचा हात चावून फोडला. जखम साबणानं धुतली, पोटात पहिली सुई झाली. डॉक्टर म्हनला, कुत्र्याला लस दिली का ते इचारा, आन् मारू नका, बांधून ठेवा. दहा दिवस धड राहिलं तर पोरीच्या बाकीच्या सुया टळतील. गल्लीतले काठ्या घेऊन येतेत, मी दारात बसून राखन करून राहिले. भूकंपाच्या वक्ती रस्त्यावर झोपताना पिल्लाला कुशीत घेतलंत, आन् लातूरला लेकीच्या क्लासच्या पायी निघताना साखळी माझ्या हातात. लस टोचली का न्हाई, तेवढं लिही.
तुझी, लोभ हाय म्हनूनच वरडनारी,
नीलाक्का

लातूर, ता. १० जुलै
ती. अक्कास,
सा. न. लस राहूनच गेली गं. हे दर रविवारी ‘नेऊ, नेऊ’ म्हणत. मग मृण्मयीचे क्लास, खोली शोधणं. तिला काही कळवू नकोस, बारावीचं वर्ष आहे. तुझ्या डोक्याचा ताप ह्यांनी मिटवायचा ठरवलाय. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
सौदामिनी

उदगीर, ता. १३ जुलै
चि. सौदामिनीस,
आशीर्वाद. असा ताप मिटवत्यात का? मी आलियाला घेऊन दवाखान्यात, इकडं राघवेंद्ररावांचा मानूस जीप घेऊन आला आन् बादशाला कर्नाटकाच्या हद्दीत सोडून आला. आता कुत्रं जगलं का मेलं, कोन सांगनार? डॉक्टर म्हनला, सगळ्या सुया द्याव्या लागतील. बेंबीभवती टोचत्यात, पाय मी धरते. शहजादी शिव्या देत न्हाई, मला चहा आनून देती.
नीलाक्का

उदगीर, ता. १५ जुलै
चि. सौदामिनीस,
बादशा परत आला. माझ्या दारी न्हाई, तुमच्या कुलूप लावलेल्या घरापुढं जाऊन बसला. कळताच साखळी घेऊन पळाले. पोचायच्या आत लोकांनी ठेचला. पिसाळलेला व्हता का नुसता दमलेला, कुनी बघितलं न्हाई. लोकांना काय बोलू?
साखळी तुमच्या कडीला अडकवलीय. परत पिल्लू आनू नका. मृण्मयीला तूच सांग, माझ्याच्यानं व्हनार न्हाई.
सुया चालूच हायत. काल आलियानं इचारलं, मौसी, बादशालापन टोचत्यात का. मी हाव म्हनले.
आशीर्वाद हायतच, ते कुठं जातेत.
नीलाक्का