एका क्रियापदाची दोन घरं

प्रिय धाकटे,

व्हिसाच्या मुलाखतीसाठी आईला फोनवरून इंग्रजी शिकवायचं तुझ्या डोक्यात आलं, तेव्हापासून या घरात माझ्या संस्कृतला कुणी विचारत नाही. तीस वर्षं शाळेत मी धातू चालवले, पण पंच्याहत्तराव्या वर्षी आईला गुरू सापडला तो फोनमध्ये. चार वाजले की केस विंचरून, चष्मा पुसून, वही घेऊन खिडकीशी बसते. मी चहा ठेवायला गेले तर म्हणते, "ताई, मध्ये येऊ नकोस गं, आमचं क्रियापद चाललंय." आमचं!

तू म्हणालीस, सारख्या दिसणाऱ्या क्रियापदांची वाक्यं घरातल्याच माणसांवर कर. केली तिने. मी वही वाचली. लिहिलेलं दिसलं की तपासायची खोड, दुसरं काय. 'लुक ॲट' तुझ्या वाट्याला: रोज ती तुला डोळे भरून बघते. 'लुक आफ्टर' माझ्या: गोळ्या, गुडघ्याचं तेल, दवाखान्याची रांग. मराठीत निदान दोन्हीकडे 'बघणं'च होतं. तू शिकवलंस आणि वाटणी झाली.

मग आलं 'टेक' आणि 'ब्रिंग'. धाकटी मला 'ब्रिंग' करणार, असं आईने लिहिलं. तू हसून सुधारलंस, "आई, तू अजून तिकडेच आहेस, म्हणून 'टेक'." मला काही हसू आलं नाही. आपलं नेणं आणि आणणं, संस्कृतात नयति आणि आनयति. फरक एका 'आ'चा, बोलणारा कुठे उभा आहे त्याचा. आई मनाने तुझ्या दारात पोचली होती. आपल्या दोघींचं भांडणही एका 'आ'चंच, आईतल्या 'आ'चं, बाई, आणि तो तू नेतेयस.

तर आता कबुली. व्हिसासाठी तुला हवा असलेला, आईच्या सहीचा फॉर्म टपालात अडकलाय, असं मी तीनदा सांगितलं. टपालाचा काही दोष नाही. तो माझ्या संस्कृत कोशात होता, 'मत्सर' शब्द आहे त्या पानावर. पान मी निवडलं नव्हतं, एवढं मात्र खरं. काल आईने 'स्टे' आणि 'लिव्ह' केलं. आपल्याला दोन्ही 'राहणं'च, इंग्रजीत एक पाहुण्याचं, दुसरं घरच्याचं. तिने लिहिलं, धाकटीकडे मी 'स्टे' करणार आहे, थोरलीकडे मी 'लिव्ह' करते. मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "बरोबर आहे ना गं? हे धाकटीला नाही विचारलं." मी लाल पेनने खूण केली. खूण जरा वाकडी आली. फॉर्म सोबत पाठवते आहे. सहा महिने तिला पोटभर बघ, आणि तिचंही बघ. मग मी विमानतळावर जाईन आणि तिला घरी आणीन. ते 'ब्रिंग'. बरोबर आहे ना गं?

तुझीच, अजून थोडी धुमसणारी,
ताई