रब्बी एल्खोनोन यांची तहान

जेरुसलेम, रविवार

स्वयंपाकाच्या नव्या कामाला तीन जिने चढून येते, तर स्वयंपाकघरात चिमूटभर मीठ नाही! मालक हेनिख पन्नाशीचा, बायको नाही, बाप, मोठे धर्मपंडित रब्बी एल्खोनोन, दोन महिन्यांपूर्वी वारले. कांदे कुठे ठेवता विचारलं तर म्हणे, पुस्तकांच्या कपाटात बघा. आणि खरंच तिथे होते! पण मला खोली मिळाली, तीही उन्हाची. सतरा वर्षं बहिणीच्या घरी तोंड मिटून काढली. इथे माझं तोंड माझं.

मंगळवार

हेनिख दिवसभर बापाच्या वह्या मोठ्यानं वाचत छापखान्यासाठी उतरवतो. शेजारीण त्सिपे जिन्यात गाठून म्हणाली, अगं, म्हाताऱ्यानं मरताना दहा जणांसमोर बजावलं होतं, एक पानही छापू नका, मला गप्प पडू द्या.

कोबी वाढताना मी हेनिखला तोंडावर विचारलं. तो हसला. गेलेल्या विद्वानाचं वचन कुणी त्याच्या नावानं म्हटलं की कबरीत त्याचे ओठ हलतात, असं शास्त्रच सांगतं. बापाचे ओठ हलते ठेवतोय, याहून मोठी सेवा कोणती? आणि फ्रुमाबाई, तुम्ही चुलीकडे बघा, करपतंय.

काही करपत नव्हतं.

गुरुवार

म्हाताऱ्याच्या खोलीतली काचेची सुरई सकाळी काठोकाठ भरली, दुपारी कोरडी. हेनिख म्हणतो, तुम्हीच सांडली. मी म्हटलं, तूच ढोसलीस, वर मलाच नावं ठेवतोस.

रविवार

भर दुपारी डोळ्यांनी पाहिलं. हेनिख पलीकडच्या खोलीत वाचत होता आणि इथे सुरईतलं पाणी उतरत होतं. घोटाघोटानं. तो श्वास घ्यायला थांबला की पाणीही थांबायचं. दिवसभर ओठ हलवायला लावले तर घसा सुकणारच, मेलेला असला तरी.

हेनिखला वहीसकट ओढत आणलं, सुरईसमोर वाचायला लावून दाखवलं. पांढरा पडला. मग म्हणतो काय, उद्यापासून दोन सुरया भरा!

सोमवार

त्सिपेनं धर्मपंचांना कळवलं. वह्या न्यायला माणसं येतील म्हणून हेनिखनं दाराला आतून कुलूप घातलं. किल्ली त्याच्या गळ्यात. अंगणातल्या टाक्याचं पाणी खिडकीतून दोरीनं ओढतो. मला दिवसाला एक पेला. बाकी सगळं त्या खोलीत.

बुधवार

वह्या संपल्या. शेवटचं प्रकरण म्हाताऱ्यानं स्वतःच चुलीत घातलं होतं. सुटले! म्हटलं, आता काढ कुलू—

पुढचा शब्द माझा नव्हता. म्हाताऱ्याच्या वह्यांतली ती ग्रंथांची भाषा. मला धड वाचताही येत नाही ती. ओठ माझे, थांबेनात. एकदा हलवले की ते थांबत नाहीत, आता कळलं.

हेनिख ऐकत राहिला. मग ‘हेच ते जळालेलं प्रकरण’ म्हणत त्यानं लेखणी उचलली.

गुरुवार

तहान. तोंडात फडकं कोंबलं, त्यानं उपसून काढलं. म्हणतो थोडंच राहिलंय, फ्रुमाबाई, बोला. बोलतेय कोण — मी?

हात अजून माझा आहे. म्हणून लिहून दाखवते. हेनिख, वाच. रीतीप्रमाणे दहा माणसं घे, कबरीवर जा, बापाची माफी माग. सगळे कागद त्याच्याशेजारी पुर. कुलूप काढ. हो की नाही — उद्या, शुक्रवारी, सूर्य मावळताना शब्बाथच्या पवित्र दिवसाचे दिवे लागायच्या आत सांग. नाहीतर त्याच दिव्यानं तुझे कागद —

हात. हेनिख, हात पण —